कामाचा कागद

दसरा सरला की बीड जिल्ह्यातले रस्ते रात्रीही जागे राहतात. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतल्या गावागावांतून ट्रॅक्टर निघतात. एकेकाला दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, बाजरीचं पोतं, तवा, घागरी, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, एखादी शेळी, डालग्यात कोंबड्या. या सगळ्यावर गोधड्या अंथरून माणसं बसलेली. ऊसतोडीला कुणी कोल्हापूर-सांगलीकडं निघालेलं, कुणी सोलापूर-साताऱ्याकडं, कुणी सीमेपलीकडं बेळगाव-बागलकोटकडं. शहरात फराळाचे डबे भरत असतात तेव्हा इथल्या घरांना कुलपं लागलेली असतात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या ओटीत घातलेली काही नातवंडं.

पाटोदा तालुक्यातल्या एका वस्तीवर अशाच एका ट्रॉलीजवळ मी उभा होतो. तिशीतली एक बाई सामान रचत होती. मी विचारलं, "ताई, या कामाचा काही कागद आहे का तुमच्याजवळ?"

"आधार हाय की," ती म्हणाली.

"तो नाही. कुठल्या कारखान्याला चाललात, दर काय, किती दिवस, असा कामाचा कागद."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो म्हणाला, "कागुद मुकादमापाशी हाय. बाँडवर माझी सही हाय, हिचा अंगठा."

त्या बाँडवर काय लिहिलंय ते दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. किती उचल घेतली आणि काम केलं नाही तर ती कशी फेडायची, एवढंच. बाकी त्यावर काही नव्हतं. टनाचा दर नव्हता, कामाचे तास नव्हते, आजारी पडलं तर काय, हेही नव्हतं. कारखान्याचं नावसुद्धा नव्हतं. कर्जाचा कागद तयार होता, कामाचा कागद कुणी केलाच नव्हता.

हा लेख त्या न केलेल्या कागदाबद्दल आहे. स्थलांतरित मजुरांचं संरक्षण म्हटलं की आपण योजना मोजू लागतो. मला मात्र गेल्या काही हंगामांत फडाफडांवर फिरताना एकच गोष्ट पुनःपुन्हा दिसली. या माणसांचा मालक कोण, हे जोवर लिहिलं जात नाही, तोवर कुठलाही कायदा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

एक कोयता म्हणजे दोन माणसं

या धंद्यात माणसं मोजण्याचं एकक आहे कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. काही कोयते मिळून टोळी होते आणि टोळी मुकादमाची असते. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाला पैसे देतो, मुकादम त्यातून मजुरांना उचल देतो. ही उचल बहुतेकदा पावसाळ्याच्या आधी किंवा पावसाळ्यात, म्हणजे हाताला काम नसतं आणि घरात लग्न, दवाखाना, बी-बियाणं उभं असतं तेव्हा घेतली जाते. हंगामात केलेल्या तोडणीतून ती फिटत जाते, किंवा फिटत नाही.

ही वाट जुनी आहे. १९५०च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढच्या काळात कालव्याच्या पाण्यावर उसाचा पट्टा पसरला. पाणी एकीकडं गेलं, हात दुसरीकडून आले. १९७२च्या दुष्काळानं बालाघाटाच्या डोंगररांगेतली, पाथर्डी-शेवगावची, जत-सांगोल्याची आणखी कुटुंबं या वाटेला लागली. तिकडं खानदेशातले आदिवासी मजूर गुजरातेत बारडोलीच्या बाजूला जाऊ लागले. यान ब्रेमन या डच अभ्यासकानं १९७०च्या दशकात त्या भागात राहून काम केलं. गावातच हळपती शेतमजूर रिकामे असताना कारखाने दुरून माणसं का आणतात, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना सापडलेलं उत्तर सरळ होतं. परगावी आणलेला, उचलीत बांधलेला, रानात कोपी टाकून राहणारा मजूर हवा तेव्हा हवा तितका राबवता येतो. गावातला मजूर संध्याकाळी घरी जातो.

फडातला हिशेब

फडावर दिवस पहाटे चारच्या आत सुरू होतो. थंडीत पाचटावर दव असतं, पात्यांनी हात कापतात. पुरुष बहुधा बुडातून ऊस तोडतो, बाई वाढं छाटते, मोळ्या बांधते. मग मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढायचं. गाडी भरायला रात्रीही यावं लागतं, कारण वाहन कधी येईल ते कारखान्याच्या काट्यावरच्या रांगेवर ठरतं. त्या आधी आणि नंतर बाईचा स्वयंपाक, पाणी आणि लेकरं असतातच.

मजुरी टनावर मिळते. जानेवारी २०२४मध्ये साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात करार झाला आणि तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला २७३ रुपये असलेला दर ३६६ रुपयांच्या घरात गेला. वाढ चांगली होती. ती फडात काय होते ते पाहू. तोच दर धरला आणि एका जोडप्यानं दिवसाला दोन टन तोडले, तर दोघांचे मिळून ७३२ रुपये होतात. ते बारा-चौदा तासांचे आणि दोन माणसांचे. पाऊस कमी पडला, ऊस कमी झाला की हंगाम शंभर दिवसांतही आटोपतो. शंभर दिवसांत एकही सुट्टी न घेता ७३ हजार २०० रुपये होतील. उचल लाखाची असेल तर २६ हजार ८०० रुपये अंगावर राहिले. मधल्या काळात बाजारासाठी घेतलेली खर्ची, दवाखाना आणि खाड्याचा दंड या बाकीत मिळवायचे. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडतो तेव्हा अनेक जोडपी पुढच्या वर्षाची बाकी घेऊन घरी येतात. ती बाकीच त्यांना पुढच्या दसऱ्यानंतर परत ट्रॉलीत बसवते.

१९७६चा वेठबिगार निर्मूलन कायदा असं कर्ज मोडीत काढतो. कर्जाच्या बदल्यात राबण्याचं बंधन घालणारा करार त्या कायद्यानं रद्दबातल ठरतो आणि कर्जही संपतं. १९८२मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करावं लागणं हीच वेठबिगारी, कारण भुकेची सक्ती हीसुद्धा सक्तीच, असा त्या निकालाचा अर्थ आहे. निकालाला चार दशकं उलटली. तरीही बाँडवरचा अंगठा आजही खरा मानला जातो आणि तो मजुराच्या विरोधात वापरला जातो.

मुकादमाचीही बाजू आहे आणि ती ऐकून घेतली पाहिजे. बहुतेक मुकादम याच गावांतले, याच जातीपातीतले, कधीकाळी स्वतः कोयता धरलेले. ट्रॅक्टर घेतलेला वाहतूकदार बहुधा कर्जबाजारी शेतकऱ्याचा मुलगा असतो. उचल घेऊन टोळी आलीच नाही तर तो बुडतो. एका वाहतूकदारानं मला त्याच्या घराचा अर्धवट राहिलेला स्लॅब दाखवला. "दोन वर्षं टोळी पळाली. कारखाना माझ्याच बिलातनं कापून घेतो," तो म्हणाला. मग पैसे वसूल करायला माणसं डांबून ठेवण्याचे, पळवून नेण्याचे प्रकार होतात. साखळीतला प्रत्येक जण आपला धोका खालच्याच्या अंगावर टाकतो आणि सर्वांत खाली ते जोडपं असतं. सर्वांत वर बसलेल्या कारखान्याच्या कागदावर या माणसांशी नातं दाखवणारी एक ओळही नसते.

राज्याच्या सीमेवर थांबलेला कायदा

देशात स्थलांतरित कामगारांसाठी कायदा झाला १९७९मध्ये. ओडिशातून ठेकेदार मजुरांना दूरच्या कामांवर नेत. त्या 'दादन' पद्धतीतल्या पिळवणुकीमुळं तो आला. पाच किंवा अधिक परराज्यातले मजूर असतील तर आस्थापनेची नोंदणी, ठेकेदाराला परवाना, मजुराला पासबुक, जाण्यायेण्याचा खर्च, महिन्याच्या मजुरीच्या निम्मा विस्थापन भत्ता, राहायला जागा, दवाखाना, असं बरंच काही त्यात होतं. ते अमलात आलं असतं तर पुष्कळ झालं असतं.

पण त्या कायद्यात 'आंतरराज्य' हा शब्द आहे. एकाच वस्तीवरच्या दोन बहिणी घ्या. थोरली बेळगावकडच्या कारखान्याला गेली तर ती कायद्याच्या व्याख्येत बसते. धाकटी कोल्हापूरला गेली तर बसत नाही. दोघींनी घरापासून शेकडो किलोमीटर अंतर कापलेलं असतं, दोघींची कोपी सारखी, उचल सारखी, अंधार सारखा. राज्यांतर्गत स्थलांतर हे कायद्याला स्थलांतरच वाटलं नाही. आणि थोरलीला तरी काय मिळालं? तिच्या मुकादमाकडं परवाना नाही, पासबुक हा शब्द तिनं ऐकलेला नाही.

२१ नोव्हेंबर २०२५पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९७९चा कायदा व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत विरघळला. नव्या व्याख्येत स्वतःहून गेलेला मजूरही आला, ही चांगली गोष्ट. वर्षातून एकदा प्रवासखर्च देण्याची तरतूद आहे. पण मजुरांची किमान संख्या पाचावरून दहावर गेली, विस्थापन भत्ता गेला, आणि राज्याची सीमा ओलांडण्याची अट कायम राहिली. धाकटी बहीण अजूनही बाहेरच उभी आहे.

कायदा कागदावर राहिला की काय होतं, ते देशानं २०२०च्या टाळेबंदीत पाहिलं. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाड इथं रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्यातल्या कारखान्यात काम करणारी मध्य प्रदेशातली ही माणसं भुसावळकडं चालत निघाली होती. परराज्यातल्या मजुरांसाठीचा कायदा तेव्हा चाळीस वर्षांचा झाला होता.

त्याच टाळेबंदीत आणखी एक गोष्ट घडली. साखर जीवनावश्यक म्हणून फड चालूच होते. गाळप संपल्यावर ऊसतोड मजूर कारखान्यांवर अडकले. एप्रिलमध्ये सरकारनं त्यांना घरी सोडायचं ठरवलं तेव्हा ३८ कारखान्यांवर सुमारे १ लाख ३१ हजार मजूर आहेत, असा आकडा समोर आला. एरवी राज्यात ऊसतोड मजूर किती, असं विचारलं तर आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत कुठलाही आकडा ऐकायला मिळतो. त्यांना मोजता येत नाही, असं सांगितलं जातं. पण त्या एप्रिलमध्ये मोजता आलं. कुठल्या कारखान्यावर किती माणसं आहेत, हे कारखान्यांना सांगता आलं. गरज पडली तेव्हा कारखान्याला आपली माणसं ओळखता आली.

बाईच्या अंगावर लिहिलेलं

न केलेल्या कागदाची किंमत सर्वांत जास्त बायकांनी चुकवली आहे. कोयत्याचा हिशेब मुकादमाच्या वहीत नवऱ्याच्या नावानं असतो. दोघांच्या मजुरीतली अर्धी तिची असली तरी ती तिच्या हाती कधी वेगळी पडत नाही. नवरा गेला तर तिला उचल मिळणं अवघड. तळावर संडास नाही, आडोसा नाही, अंग धुवायला पाणी दुरून आणायचं. पाळीच्या दिवसांतही खाडा करता येत नाही, कारण खाड्याला दंड आहे. बाळंतपण होऊन थोडे दिवस गेले की परत फड.

२०१९मध्ये बीड जिल्ह्यातल्या बायकांची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी आली आणि राज्य हादरलं. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत ४ हजार ६०५ गर्भाशयं काढली गेल्याचं आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजार ३०९ महिला ऊसतोड मजुरांच्या पाहणीत १३ हजार ८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींत एक. त्यांतल्या किती तरी जणी अजून तरुण आहेत. पोटदुखी, अंगावरून जाणं, डॉक्टरनं घातलेली कर्करोगाची भीती, आणि या सगळ्याच्या मागं एक हिशेब की दुखणं हंगामात आलं तर मजुरी बुडेल. एका बाईनं मला सांगितलं, "पिशवी काढली की पाळीची कटकट जाती, असं समदे म्हणले. आता कंबर धरती, मोळी उचलवत न्हाई. पण उचल तर घेतलेली हाय." या शस्त्रक्रियेला आता बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. ते आवश्यकच होतं. पण ज्या कामामुळं बाई त्या टेबलापर्यंत येते, त्या कामाला कुणाची परवानगी लागत नाही. २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं या मजुरांच्या, विशेषतः बायकांच्या, हालांची स्वतःहून दखल घेतली.

मुलींच्या लग्नांचं मूळही इथंच आहे. लग्न झालं की कोयता होतो. अर्धा कोयता पूर्ण झाला की उचल वाढते. शिवाय आई-बाप सहा महिने परगावी, घरी वयात आलेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही भीती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. राज्याचं प्रमाण २१.९ टक्के होतं. नुसत्या जागृतीच्या भित्तिपत्रकांनी हे थांबणार नाही. मुलगी सुरक्षित राहील अशी जागा गावाजवळ असेल तर थांबेल. म्हणून संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं उभारण्याची योजना मला सर्वांत मोलाची वाटते. तिच्यातली प्रत्येक खोली एका लग्नाला काही वर्षं मागं ढकलू शकते. अशी वसतिगृहं भाड्याच्या इमारतींतून निघून स्वतःच्या इमारतींत जायला हवीत आणि ती दसऱ्याच्या आधी उघडायला हवीत.

उसाला जे मिळतं ते माणसाला

उपाय शोधायला परदेशी जायची गरज नाही. दोन वाटा इथंच आहेत.

पहिली वाट उसाचीच. शेतकऱ्याच्या उसाला संरक्षण देणारा १९६६चा ऊस नियंत्रण आदेश आहे. ऊस कारखान्यात गेल्यापासून चौदा दिवसांत त्याचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, द्यावा लागतो. उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज लागतं. एफआरपी थकवणाऱ्या कारखान्याचा गाळप परवाना पुण्याच्या साखर संकुलातले साखर आयुक्त अडवू शकतात, महसुली वसुलीचे आदेश काढू शकतात. हे सहजासहजी मिळालं नाही. शेतकरी संघटनांनी रस्त्यावर उतरून ते मिळवलं. म्हणजे कारखान्याला वाकवणारा कागद सरकारच्या हाती आहे आणि तो दर हंगामाआधी नव्यानं द्यायचा असतो. त्याच परवान्याच्या अटींत ऊस तोडणाऱ्याला का बसवू नये? मजुरांची नावनिशीवार यादी, बाईचं आणि पुरुषाचं वेगळं खातं, तळावर पाणी, संडास आणि दिवा, जवळच्या शाळेत मुलांची नोंद. मागच्या हंगामाची मजुरी चुकती झाल्याचा दाखला नसेल तर बॉयलर पेटणार नाही, एवढं म्हणायला नवा कायदासुद्धा लागू नये.

दुसरी वाट माथाडींची. मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारांत पाठीवर ओझी वाहणाऱ्या हमालांचाही मालक कोण, हे एकेकाळी ठरत नव्हतं. आज एका व्यापाऱ्याचा माल, उद्या दुसऱ्याचा, आणि मधे टोळीचा मुकादम. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी लढले आणि १९६९मध्ये महाराष्ट्रानं देशाला दिशा देणारा कायदा केला. त्यात मंडळ आलं. मालकाची नोंद मंडळाकडं, मजुराची नोंदही मंडळाकडं. मालक मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरतो, मंडळ मजुराला पैसे देतं आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा यांची सोय होते. मजुराचा धनी रोज बदलला तरी त्याचा हक्क बदलत नाही. आजच्या माथाडी मंडळांपुढं अडचणी आहेत, पण ही कल्पना आजही तितकीच भक्कम आहे.

ऊसतोड मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ आहे. टनामागं दहा रुपये कारखान्यांनी द्यायचे आणि तेवढाच वाटा सरकारनं घालायचा, अशी त्याची रचना. चांगल्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांहून अधिक ऊस गाळला जातो. म्हणजे कारखान्यांकडूनच वर्षाला शंभर कोटी रुपये आणि सरकारचे तेवढेच. पैसा उभा राहू शकतो. पण या महामंडळानं नुसत्या मदतीच्या योजना वाटू नयेत. मजुराची उचल, मजुरी आणि मुकादमाचं कमिशन यांचा व्यवहार माथाडी मंडळासारखा त्याच्याकडून गेला पाहिजे. उचल बँकेतून दिली आणि तिची नोंद झाली की मजुराला मुकादमाच्या वहीची भीती राहणार नाही आणि वाहतूकदाराचंही घर बुडणार नाही. हे दोघांच्याही भल्याचं आहे. मला भेटलेल्या वाहतूकदारानंही तेच सांगितलं: "सरकारनं मधी यावं. आमाला काय मारामारीची हौस हाय का?"

यंत्रं आली की हा प्रश्न आपोआप संपेल, असं काही जण म्हणतात. ऊस तोडणी यंत्रं वाढत आहेत, सरकार अनुदानही देतं. पण लहान वावरं, चिखल, चढउतार अशा ठिकाणी कोयता अजून लांबपर्यंत चालणार आहे. आणि यंत्रानं कोयता हिसकावला तर त्या घरांचं काय, हा प्रश्न तर आणखी मोठा आहे. तेव्हाही आधी ही माणसं कोण आहेत आणि किती आहेत, हे माहीत असावंच लागेल.

काट्यावरची पावती

पंचगंगेकाठच्या एका कारखान्याच्या काट्यावर मी एक रात्र काढली. ट्रॅक्टरांची रांग लांबवर गेली होती. एका चालकानं खिशातून पावती काढून मला दाखवली. तारीख, वेळ मिनिटासकट, वाहनाचा नंबर, शेतकऱ्याचं नाव, गाव, उसाची जात, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, वाहतूकदाराचं नाव. काही क्विंटलांचाही घोळ होऊ नये म्हणून सगळं छापलेलं. तो ऊस तोडणारं जोडपं त्या वेळी चार-पाच किलोमीटरवर कोपीत झोपलं होतं आणि तासाभरात उठून दुसरी गाडी भरायला जाणार होतं.

मी पाटोद्याच्या वस्तीवरच्या त्या बाईला विचारला होता तोच प्रश्न चालकाला विचारला. "यावर तोडणाऱ्याचं नाव कुठं आहे?"

त्यानं पावती उलटून पाहिली. मागची बाजू कोरी होती. "न्हाई ओ," तो म्हणाला, "पण घातलं तर बसंल की."

बसेल. एका ओळीची जागा लागते. त्या ओळीत दोन नावं यायला हवीत, त्याचं आणि तिचं. ती आली की टन कुणाचे ते कळेल, मजुरी कुणाची ते कळेल, ऊस तोडताना सर्पदंश झाला तर कुणाच्या कामावर झाला ते कळेल. पुढच्या दसऱ्यानंतर ट्रॉलीत सामान रचताना कुणी कागदाबद्दल विचारलं, तर त्या बाईला नवऱ्याकडं पाहावं लागणार नाही.